घरातल्या पक्ष्यांना दिवा: कोणता, कुठून आणि किती वाजेपर्यंत

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कॉकाटिएलची, म्हणजे तुरा असलेल्या छोट्या पोपटांची, जोडी आहे, पिंजरा आतल्या खोलीत आहे, तिथे ऊन येत नाही. म्हणून तुम्ही 'फुल स्पेक्ट्रम' लिहिलेला एलईडी दिवा आणलात आणि तो सकाळी सहा ते रात्री अकरा चालू असतो. खाणं मुख्यतः दाण्यांचं. सात महिन्यांत मादीने चार वेळा अंडी घातली आणि या खेपेला दोन अंड्यांची कवचं बोटाने दाबली तर आत जातील इतकी मऊ निघाली. आता कोणीतरी सुचवलंय की सरड्या-कासवांसाठी मिळतो तो यूव्हीबी, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण देणारा, बल्ब लावा, म्हणजे कॅल्शियम सुधारेल. लावू का, असं तुम्ही विचारता.

आधी उत्तर देते, कारणं मग. तो बल्ब लावू नका. आणि आज रात्रीपासून आहे तो दिवा लवकर बंद करायला लागा. तुमच्या मादीचं मूळ दुखणं त्या १७ तासांच्या दिवसात आहे. व्हिटॅमिन डीचा नंबर त्याच्यानंतर लागतो, पण तोही लागतो, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

पक्ष्यांवर उपचार करताना मला जवळजवळ प्रत्येक घरातून 'दिवा कोणता आणू' हाच प्रश्न येतो. त्याचं उत्तर देणं अवघड जातं, कारण उजेड पक्ष्याच्या शरीरात तीन अगदी वेगवेगळी कामं करतो. त्याला दिसायला मदत करतो, त्याच्या उघड्या त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करतो आणि दिवस किती मोठा आहे, म्हणजे वर्षातला कोणता काळ चालू आहे, हे शरीराला सांगतो. तुमचा एलईडी पहिलं काम बऱ्यापैकी करतो, दुसरं अजिबात करत नाही आणि तिसरं गरजेपेक्षा फार जास्त करतो.

तिसऱ्यापासून सुरुवात करू. दिवसाची लांबी पक्ष्याला फक्त डोळ्यांतून कळत नाही. मेंदूत आतवर, हायपोथॅलॅमसमध्ये, उजेड टिपणाऱ्या पेशी असतात आणि पिसांतून, कवटीतून झिरपून आत पोचलेला उजेड त्यांना पुरतो. १९३०च्या दशकात झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग केले, तेव्हा दृष्टी नसलेल्या बदकांच्या प्रजननग्रंथीही लांब दिवसाच्या उजेडाने वाढलेल्या त्याला आढळल्या. म्हणून पिंजऱ्यावर पातळ कापड टाकलं आणि त्याच खोलीत दिवे नि टीव्ही चालू राहिला, तर आपल्या लेखी ती रात्र असते, पक्ष्याच्या शरीराच्या लेखी नसते.

त्यात तुमचा पक्षी कॉकाटिएल. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे पाऊस कधी पडेल याचा भरवसा नाही, म्हणून संधी दिसली की अंडी घालायची अशी त्याची घडण आहे. दाणापाणी मुबलक, ढोलीसारखी जागा, सोबत जोडीदार आणि लांब दिवस असं सगळं जुळून आलं की मादीचं शरीर कामाला लागतं. तुमच्याकडे हे सगळं वर्षभर जुळलेलं आहे. रानात हंगाम संपतो आणि मादी थांबते. तुमच्या घरात तो संपतच नाही, म्हणून तीही थांबत नाही.

याची किंमत काय असते ते एका उदाहरणाने सांगते. अशीच एक कॉकाटिएल माझ्याकडे आली होती, पाचव्या खेपेची अंडी घालत असलेली. एरवी अंड्यावर आलेल्या मादीचा एक्स-रे काढला की मांडीची आणि पंखांची लांब हाडं दुधासारखी पांढरी दिसतात, कारण कवचासाठी लागणारं कॅल्शियम शरीर हाडांच्या पोकळीत साठवून ठेवतं. या मादीची हाडं धूसर होती, कडा शोधाव्या लागत होत्या. पोटात अंडं होतं, पण कवचाची रेघ जेमतेम उमटलेली. घरच्यांनी पिंजऱ्याचा फोटो दाखवला. त्यात कटल बोन, म्हणजे कॅल्शियमसाठी कुरतडायला देतात तो समुद्री प्राण्याच्या कवचाचा तुकडा, टांगलेलं होतं आणि पार अर्ध्यापर्यंत कुरतडलेलं होतं. कॅल्शियम पोटात जात होतं, पण ते आतड्यातून रक्तात न्यायला जे व्हिटॅमिन डी लागतं ते तिला कुठूनच मिळत नव्हतं. आणि दिवा रात्री बारापर्यंत चालू असायचा. नुसतं डी देऊन ती वाचली नसती. अंडी थांबवल्याशिवाय गळती बंद होत नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम दिवस लहान करण्याचं. एकदम सात तास कापू नका. रोज अर्धा-पाऊण तास कमी करत साधारण दहा दिवसांत उजेड १० तासांवर आणा. तेवढ्यावर चार ते सहा आठवडे ठेवा. काही माद्यांना ८ तासांपर्यंत उतरवावं लागतं, पण ते पशुवैद्याच्या नजरेखाली करा, कारण लहान पक्ष्याला खायला मिळणारे तासही त्याबरोबर कमी होतात. अंधार करण्याआधी आणि उजाडल्याबरोबर वाटी भरलेली असली पाहिजे. मादी पूर्ण थांबली आणि तिचं वजन सावरलं की मग दिवस कायमचा ११ ते १२ तासांवर आणा. जाड कापडाने पिंजरा झाकण्यापेक्षा रात्री झोपायला वेगळी, शांत, अंधारी खोली मिळाली तर फार बरं. तशी सोय प्रत्येक घरात नसते. मग जाड, हवा खेळू देणारं आवरण घाला आणि त्या खोलीतले इतर दिवे त्या वेळेला बंदच ठेवा.

दिवा टायमरवर लावा, हा माझा आग्रह आहे. माणूस एक दिवस लवकर झोपतो, एक दिवस उशिरा. पक्ष्याचं घड्याळ मात्र त्या प्रत्येक दिवसाची नोंद घेतं. आणि दिवा विझताना एकदम मिट्ट काळोख होऊ देऊ नका. कॉकाटिएल रात्री दचकून पिंजऱ्यात आपटतात, हे तुम्ही कदाचित अनुभवलं असेल. पंखांची नवी रक्ताळ पिसं तुटतात आणि सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी रक्ताचे डाग दिसतात. मुख्य दिवा जायच्या आधी वीस-तीस मिनिटं एक मंद दिवा लावून ठेवला की पक्षी आपली जागा धरून बसतात. दचकण्याची सवयच असेल, तर रात्रभर अगदी फिकट उजेड चालेल, पण पिंजऱ्याच्या दांड्या जेमतेम दिसतील एवढाच.

आता व्हिटॅमिन डी. ते तयार करतात यूव्हीबी किरण, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातले. पक्ष्याचं अंग पिसांनी झाकलेलं असल्यामुळे हे काम मुख्यतः पायांच्या आणि चेहऱ्याच्या उघड्या त्वचेत होतं. पांढरा एलईडी आतून निळा असतो. निळ्या उजेडावर पिवळसर थर चढवून तो आपल्याला पांढरा भासवला जातो. त्यात यूव्हीबी नसतो. 'फुल स्पेक्ट्रम' हे शब्द माणसाच्या डोळ्याला उजेड नैसर्गिक वाटतो एवढंच सांगतात, आणि ते छापण्यासाठी काही ठरावीक कसोटीही नाही. तुमच्याकडचा दिवा वाईट नाही, टाकून देऊ नका. फक्त त्याच्याकडून डीची अपेक्षा ठेवू नका.

काचेचंही तसंच. माझ्याकडे झटके येणारा एक आफ्रिकन ग्रे पोपट आणला होता. या जातीत रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येणं हे आम्हाला चांगलं परिचित आहे. घरचे शपथेवर सांगत होते की तो रोज दोन तास उन्हात बसतो. बसत होता, पण बंद खिडकीच्या आत. खिडकीची काच उजेड आणि ऊब आत सोडते, यूव्हीबी मात्र जवळजवळ पूर्ण अडवते. पक्ष्याला उन्हाचा उकाडा मिळत होता आणि उन्हातलं जे हवं होतं ते बाहेरच राहत होतं. खिडकी उघडणं हे त्याच्या औषधोपचाराचाच भाग ठरलं.

खरं ऊन शक्य असेल तर कोणताही दिवा त्याची बरोबरी करत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा, सकाळच्या किंवा उतरत्या कोवळ्या उन्हात, वीस ते तीस मिनिटं पिंजरा बाहेर ठेवा. अर्धा पिंजरा सावलीत असलाच पाहिजे आणि कोणीतरी शेजारी बसलंच पाहिजे. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागले आणि पंख अंगापासून दूर धरले की त्या क्षणी आत घ्या.

ऊन शक्य नसेल तर प्रश्न येतो खाण्याचा, आणि इथे मी परिस्थिती बघून सांगते. पक्षी पेलेट्स, म्हणजे पोषणद्रव्यं घालून बनवलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या, आवडीने खात असेल आणि रोजच्या खाण्यात त्यांचा वाटा निम्म्याहून बराच जास्त असेल, तर त्यांत डी-३ (व्हिटॅमिन डीचं पक्ष्यांना उपयोगी पडणारं रूप) घातलेलं असतं आणि यूव्हीबी दिवा नसला तरी भागतं. नुसत्या दाण्यांवर असलेल्या पक्ष्याला मात्र कॅल्शियमही कमी पडतं आणि डी-३ तर मिळतच नाही. तुमची जोडी या दुसऱ्या गटात आहे, म्हणून तिला मी यूव्हीबी दिवा सुचवेन, आणि दाण्यांवरून पेलेट्सवर आणायचे प्रयत्नही सोबत सुरू करा. ते व्हायला काही आठवडे लागतात. दाणे एकदम बंद करू नका, उपाशी बसणारे पक्षी असतात.

इथे एक इशारा. घाबरून पाण्यातून डीचे थेंब, वर पेलेट्स, वर आणखी एखादी पावडर असं सुरू करू नका. तोंडावाटे गेलेलं जास्तीचं डी मूत्रपिंडात कॅल्शियम साचवतं आणि ते नुकसान भरून येत नाही. त्वचेत तयार होणाऱ्या डीचं तसं नाही. ते पुरेसं झालं की उरलेला कच्चा माल त्याच किरणांनी निरुपयोगी रूपांत बदलतो. शरीराने स्वतःची मर्यादा स्वतः घालून घेतलेली आहे. यूव्हीबी दिवा योग्य असेल तर मला तो थेंबांपेक्षा सुरक्षित वाटतो, त्याचं कारण हे.

पण योग्य म्हणजे कोणता? सरपटणाऱ्या प्राण्यांचे बरेच बल्ब वाळवंटात उन्हं खाणाऱ्या सरड्यांच्या हिशोबाने बनवलेले असतात. सरड्याला नकोसं झालं की तो दगडाखाली जातो. पिंजऱ्यातला पक्षी कुठे जाणार? एक बजरी (छोटा पोपट) माझ्याकडे आली होती, डावा डोळा सुजून बंद, उजवा स्वच्छ. जंतुसंसर्ग समजून घरी दोन दिवस थेंब घातले होते. मी पिंजऱ्याचा फोटो मागवला. दिवा पिंजऱ्याच्या बाजूला, दांडीच्याच उंचीवर चिमट्याने लावलेला, जेमतेम वीतभर अंतरावर. बजरी आरशाकडे तोंड करून बसायची, म्हणजे डावी बाजू कायम दिव्याकडे. दिवा काढला, डोळ्याला आराम देणारं मलम दिलं आणि डोळा सुधारला. ऊन वरून येतं आणि पक्ष्याच्या डोळ्यावरची कपाळाची कड वरच्या उजेडासाठीच छपराचं काम करते. बाजूने आलेल्या उजेडापुढे तिचा काही उपयोग नाही.

तेव्हा पक्ष्यांसाठी म्हणून बनवलेली, कमी यूव्हीबीची लांब ट्यूब घ्या आणि ती पिंजऱ्याच्या वरून, पिंजऱ्याच्या एका टोकाला लावा. म्हणजे दुसरं टोक सावलीत राहील आणि पक्षी स्वतः निवड करतील. ट्यूब आणि सर्वांत वरच्या दांडीवरचा पक्षी यांच्यात अंतर किती, ते त्या ट्यूबच्या तक्त्यात दिलेलं असतं आणि तेच पाळा. बहुतेकदा ते ३० ते ४५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. अंतर दांडीवरून मोजू नका, दांडीवर बसलेल्या पक्ष्याच्या डोक्यापासून मोजा. यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा जोर, मोजायचं मीटर कोणाकडून मिळालं तर सोन्याहून पिवळं. मी पक्ष्याच्या डोक्याच्या पातळीला १ किंवा त्याहून कमी ठेवते. दिवा आणि पक्षी यांच्यामध्ये काच, प्लॅस्टिकचं झाकण किंवा बारीक जाळी नको. पहिली दोन यूव्हीबी जवळजवळ खाऊन टाकतात, जाळीही बराचसा अडवते.

यूव्हीबी ट्यूब दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. सुरुवातीला दुपारच्या सुमारास अर्धा तास, मग आठवड्याभरात वाढवत दोन-तीन तास. बाकीचा दिवस तुमचा एलईडी सांभाळेल. दोघांना दोन वेगळे टायमर लावा. आणि ट्यूब लावलेल्या दिवशीची तारीख तिच्या पट्टीवरच लिहून ठेवा. यूव्हीबी हळूहळू उतरत जातो, पण दिसणारा उजेड तसाच राहतो, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. बहुतेक ट्यूब वर्षभरात, काही सहा महिन्यांतच बदलाव्या लागतात.

दिसण्याबद्दल थोडं. आपल्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, पक्ष्यांच्या डोळ्यात चार. चौथीमुळे पोपटवर्गीय पक्ष्यांना यूव्हीए, म्हणजे यूव्हीबीपेक्षा सौम्य अतिनील, किरणही दिसतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बजरींच्या डोक्यावरच्या पिवळ्या पिसांना अतिनील किरण अडवणारं मलम लावलं, तर जोडीदार म्हणून त्यांच्याकडचा ओढा कमी झाला. म्हणजे आपल्याला काहीच फरक दिसत नाही तिथे त्यांना चेहऱ्यावरचा रंग उडालेला दिसतो. साध्या एलईडीखाली ते कायम अशाच जगात राहतात. पक्ष्यांच्या ट्यूबमधून थोडा यूव्हीएही मिळतो, हा तिचा दुसरा फायदा.

दिवा लुकलुकतो का, हेही तपासा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरेक वेळा मंद-प्रखर होतात. आपल्याला तो उजेड सलग वाटतो. लहान पक्ष्यांचे डोळे आपल्यापेक्षा जलद असतात आणि काही जातींना एवढी लुकलुक जाणवते. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकून दिव्याचं चित्रण करा. उजेड धडधडताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदला. ट्यूब असेल तर तिला इलेक्ट्रॉनिक चोक हवा. प्रखरतेची चिंता मात्र करू नका. स्वच्छ दिवशी बाहेर सावलीतसुद्धा १०,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) आणि त्याहून जास्त उजेड असतो, आपल्या खोल्यांत बहुधा शे-दोनशे. पिंजऱ्यावर तुम्ही लावाल त्यापेक्षा कितीतरी जास्त उजेडाची पक्ष्यांना सवय असते, तेव्हा दिवसा मोकळ्या मनाने उजेड द्या. हात आखडायचा तो तासांबाबत.

दोन गोष्टी मात्र घरात आणूच नका. जंतू मारायचे यूव्हीसी दिवे पक्ष्याच्या डोळ्यांना आणि त्वचेला भाजतात. आणि काही 'न फुटणाऱ्या' बल्बांवर, तसंच ऊब देणाऱ्या काही दिव्यांवर, नॉनस्टिक भांड्यावर असतो तसा पीटीएफईचा लेप असतो. तो तापला की निघणारी वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारते. खोक्यावर या लेपाचा उल्लेख आहे का ते वाचा, शंका असेल तर परत करा. वायर आणि पट्टी चोचीच्या टप्प्याबाहेर ठेवा, कॉकाटिएल वायर सोडत नाहीत.

आता तुमच्या हातात असलेल्या अंड्यांचं. ती लगेच काढून घेऊ नका. काढली की मादी भर घालायला पुन्हा घालते, तुमच्या चार खेपांमागे हेही असू शकतं. मऊ कवचाची दोन काढा, त्यांच्या जागी त्याच आकाराची खोटी अंडी ठेवा आणि बाकीची फलित असली तर वाढू नयेत म्हणून तीही खोट्यांनी बदला. तिला तीन आठवडे बसू द्या, तिला कंटाळा आला की ती स्वतः उठेल. त्यानंतर घरट्याचा डबा, अंधारे कोपरे, कुरतडायला टाकलेले कागद सगळं काढा. पाठीवरून हात फिरवत असाल तर तोही थांबवा, मादीला तो नराचा स्पर्श वाटतो. गोंजारायचं ते फक्त डोकं आणि मान. अंडी तरीही आली तर नराचा पिंजरा काही काळ वेगळा करावा लागेल.

मऊ कवचं निघालीच आहेत, तर या आठवड्यात पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला तिला दाखवून रक्तातलं आयोनाइज्ड कॅल्शियम (शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारा भाग) तपासून घ्या. दिवा उद्या लावला तरी हाडं भरायला महिने जातात आणि तोवर तिला औषधातून कॅल्शियम द्यायचं की नाही हे तो आकडा बघूनच ठरवता येतं. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा, तो कागद त्यांना दाखवा. आणि या दिवसांत ती पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली, शेपूट श्वासाबरोबर खालीवर होत असली, कुंथत असली किंवा पाय ओढत चालत असली, तर अंडं अडकलं असं समजा. सकाळ व्हायची वाट पाहू नका. डबा उबदार करून, त्यात तिला ठेवून, तसंच निघा.